मदत हवी आहे: झेब्राफिशची अंडी, तांबं आणि क जीवनसत्त्व

नमस्कार. मी गोव्यातल्या बेतीची, प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय. आमच्याकडे मांडवी नदीत ट्रॉलर (मासेमारीच्या मोठ्या बोटी) लागतात. बोटींच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात बहुधा तांबं असतं. म्हणून झेब्राफिश या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाच्या भ्रूणांवर तांब्याचा परिणाम तपासायचाय. अंडी पारदर्शक, 28.5 अंशांवर दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके स्पष्ट दिसतात, फार सुंदर! तांब्याने अंगावरच्या, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या संवेदी केसपेशी मरतात, अंडी उशिरा फुटतात.

तांब्यापासून बचाव होतो का हे पाहायला एका गटाला क जीवनसत्त्व द्यायचंय. पण त्याने पाणी आम्ल होतं, शिवाय तांब्यासोबत ते झपाट्याने ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, जे स्वतःच पेशींना घातक असतं. मग भ्रूण नेमके कशाने दगावले हे कसं ठरवायचं? जीवनसत्त्व आधी देऊन, अंडी धुऊन मग तांबं द्यावं का? बफर (पाण्याची आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) कोणता वापरता? कुणी केलं असेल तर कृपया सांगा.