‘अटी लागू’ : फोन, प्लॅन, हप्ते आणि करारांचे तुमचे अनुभव

तांबडी माती
चवथ जवळ आली म्हणून काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. समया, गणपतीवर फळं-पानं बांधतो त्या माटोळीचे दोर, आणि सगळ्यात तळाला बाबांची फाईल. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. शिक्षक होते, प्रत्येक कागदाला भोक पाडून दोऱ्यात ओवून ठेवायचे. त्यात त्यांच्या पहिल्या मोबाईलचा करार सापडला.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पेपरात अख्खं पान जाहिरात होती, मराठीत. फोन जवळजवळ फुकट, बोलणं स्वस्त. बाबा फोंड्याला गेले आणि फोन घेऊन आले. दुकानात त्यांच्याकडून पुढच्या तारखांचे 36 चेक लिहून घेतले, प्रत्येकी ₹600 चे. ‘मास्तर, नको झाला तर फोन परत करा, उरलेले चेक परत न्या,’ असं तोंडी सांगितलं होतं. करारात मात्र तीन वर्षं बांधून घातलेली.

दुसऱ्या पावसाळ्यात फोन बंद पडला. दुसऱ्या कोणाचं सिम त्यात चालत नव्हतं. फोन कपाटात आणि चेक मात्र दर महिन्याला वटत राहिले. शेवटी बाबांनी बँकेत जाऊन चेक थांबवले, तर मुंबईहून वकिलाची नोटीस आली. आमच्या घरी त्याआधी वकिलाचं पत्र कधी आलं नव्हतं. आई दोन दिवस जेवली नाही. बाबांनी कोणाशी न बोलता सगळे पैसे भरून टाकले. एकूण ₹21,600, बंद फोनचे.

कराराच्या मागच्या पानावर पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात लिहिलंय : ‘नीट वाचले नाही. चूक माझी.’

मी ते वाचून पेटीजवळच बसून राहिले. चूक त्यांची नव्हती हो. जाहिरात मराठीत होती आणि बंधनं इंग्रजीत, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. आजच्या पेपरातही तसंच पान आहे, ‘₹0 भरा, फोन घरी न्या’, शेजारी चांदणीची खूण आणि खाली इंग्रजीत तीन बारीक ओळी.

तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको. काय सांगितलं आणि काय निघालं, तेवढं पुरे.

आबोली
वाचून गलबलून आलं गो. आमच्या अण्णांचंही असंच, फसले की स्वतःलाच दोष देणार.

माझा अनुभव ‘नो कॉस्ट ईएमआय’चा. फोन ₹18,000, सहा हप्ते ₹3,000 चे, म्हणजे व्याज शून्य, असं वाटलं. कार्डाचं स्टेटमेंट आलं तेव्हा व्याज होतंच, ₹762. तेवढी सूट दुकानाने आधी दिल्याचं दाखवलं होतं, म्हणून बेरीज जुळत होती. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, ₹137. प्रोसेसिंग फी ₹199, त्यावर पुन्हा जीएसटी, ते ₹235. म्हणजे ‘नो कॉस्ट’चे ₹372. रक्कम मोठी नाही, मान्य. पण नंतर कळलं की त्याच दुकानात रोख देणाऱ्याला तो फोन ₹17,200 ला मिळत होता. खरं व्याज तिथे होतं! ते कुठल्याच कागदावर नाही.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. नाव बदललं, गोष्ट तीच. आता मी एकच विचारते, ‘रोख दिले तर किती?’

काणकोणकार
आमच्याकडे पोळे-लोलयेला, कर्नाटकच्या हद्दीला लागून, जुना त्रास. फोन कंपन्यांच्या विभागणीत गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये, कारवार कर्नाटकात. जाहिरात : महाराष्ट्र-गोवा सगळीकडे एकच दर. मी माझ्या घरच्या व्हरांड्यात, गोव्याच्या जमिनीवर, फोन मात्र पलीकडचा टॉवर पकडणार. लागलं रोमिंग. येणाऱ्या कॉललाही पैसे. एका महिन्यात ₹380 गेले, तेव्हा तेवढ्यात महिनाभराचे मासे यायचे. तक्रार केली तर म्हणाले, सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडा. माझ्या 70 वर्षांच्या वडलांनी सेटिंगमध्ये जायचं?
आता रोमिंग फुकट झालं ते बरं. पण गेलेले पैसे गेलेच

कुळागर
@तांबडी माती, माटोळीचे दोर पेटीत का ठेवता? आमच्यात दर वर्षी नवे काढतात, कुंब्याच्या झाडाच्या सालीचे. आणि म्हापशाला माटोळीचा बाजार भरला का कोणी सांगेल का? माटोळीत टांगायची कांगला मिळाली नाही तर आई घरात घेणार नाही.

म्हापशेकर
@कुळागर अजून नाही, शुक्रवारी बघा.

मी आठ वर्षं मोबाईलच्या दुकानात काम केलं, आता सोडलं. म्हणून सांगतो. बाहेरच्या पोस्टरवरची किंमत आम्ही काउंटरवर एकाही गिऱ्हाईकाला दिलेली मला आठवत नाही. ₹14,999 लिहिलेलं असतं. त्यात एका ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डाची सूट धरलेली, जुन्या फोनचा एक्स्चेंज बोनस धरलेला, आणि सगळ्यात कमी मेमरीचं मॉडेल, जे दुकानात आलेलंच नसतं. तिन्ही एकाच माणसाकडे जुळून यायला हवं. खेड्यातून बसने आलेल्या बाईकडे क्रेडिट कार्ड कुठलं? ती पदराच्या गाठीत ₹15,000 बांधून यायची आणि आम्ही सांगायचो, ₹18,499. कधी परत जायची, कधी शेजारणीला फोन करून उसने मागायची. तिचा चेहरा बघणं मला जड जायचं. पोस्टर वरून यायचं, आम्ही फक्त चिकटवायचो. पण चिकटवायचो आम्हीच.

अजून एक. ‘8 जीबी रॅम’ असं मोठ्याने लिहितात आणि खाली 4+4. त्यातली खरी रॅम 4. उरलेली 4 फोनच्या साठवणुकीतून उसनी घेतलेली असते, ती तेवढी वेगवान नसते. आणि 64 जीबीच्या फोनमध्ये पेटी उघडल्या दिवशीच बरीच जागा फोनच्या स्वतःच्या सिस्टीमने खाल्लेली असते. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आम्हाला सांगायची सूचनाही नव्हती.

तांबडी माती
@म्हापशेकर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाबांना चेक लिहायला लावणारा मुलगाही कदाचित तुमच्यासारखाच असेल. काल मला त्याचा फार राग आला होता.

पावसुली
वॉटरप्रूफ फोन. जाहिरातीत पोरगी फोन घेऊन तलावात उडी मारते. आमच्याकडे चार महिने पाऊस, लेक स्कूटरवरून पणजीला नोकरीला जाते, म्हणून मुद्दाम तोच घेतला, साध्या फोनपेक्षा ₹9,000 जास्त देऊन. जुलैत मांडवीच्या पुलावर सर आली, फोन रेनकोटच्या खिशात. दुसऱ्या दिवशी स्पीकर घरघरायला लागला, चौथ्या दिवशी पडदा काळा. सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी सिमचा ट्रे काढून आत एक बारीक पट्टी दाखवली, लाल झालेली. ‘मॅडम, पाणी गेलंय. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.’

मी म्हटलं, अहो पण पाणी जात नाही म्हणूनच घेतला ना! तर म्हणाले तो ‘रेझिस्टंट’ आहे, ‘प्रूफ’ नाही. दुरुस्ती ₹11,400.
नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या झाल्या

सुकतीभरती
@पावसुली, तुम्हाला आला तसा अनुभव बाहेरही लोकांना आलाय आणि तिथे दंड झालेत. ऑस्ट्रेलियात 2022 मध्ये फेडरल कोर्टाने सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरायला लावले. जाहिरातीत फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात दाखवले होते, प्रत्यक्षात ओल्या फोनला चार्जिंग लावलं तर चार्जिंगची जागा गंजू शकत होती. इटलीत 2020 मध्ये ॲपलला 1 कोटी युरोचा दंड झाला. तिथलं कारण तर अगदी तुमचंच : पाण्यात टिकतो म्हणायचं आणि पाण्याने बिघडला तर वॉरंटी नाही म्हणायचं.

पाण्यात टिकण्याचं ‘आयपी 67’ हे मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तीही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली. मिरामारच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात दोन वर्षं वापरलेल्या फोनची ती चाचणी नव्हे. रबराचे सील जुने होतात.

पावसुली
आले. हे वाचून निदान मी एकटीच वेडी नाही एवढं तरी कळलं. लेक अजून तोच फोन दुरुस्त करून वापरते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

शेवंती
आईसाठी विचारते. ती वाळपईजवळ एकटी राहते, साधा बटणांचा फोन. तिला नेट नको, काही नको, फक्त आम्हाला फोन करायचा. दर वेळी नेटसकट रिचार्ज मारावा लागतो. आणि तो महिन्याचा म्हणतात, पण 28 दिवसांत संपतो. मागच्या वर्षी तो संपला आणि आम्हाला कोणाला कळलं नाही, तिला ताप होता आणि तिचा फोन लागत नव्हता, बाहेर जात नव्हता. शेजारच्या काकींनी जाऊन बघितलं म्हणून. त्या दिवसाची आठवण आली तरी पोटात गोळा येतो.

सुकतीभरती
@शेवंती, 28 दिवसांनी वर्षाला 13 रिचार्ज होतात, 12 नाही. तेरावा महिना कंपनीचा. ‘ट्राय’ने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, जानेवारी 2022 मध्ये आदेश काढलाय, प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा किमान एक प्लॅन आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा एक प्लॅन ठेवावाच लागतो. आणि डिसेंबर 2024 मध्ये तुमच्या आईसारख्यांसाठीच नियम बदलला : फक्त कॉल आणि एसएमएस असलेला, नेट नसलेला रिचार्ज द्यायलाच हवा, मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येते. पण ॲप उघडल्यावर हे प्लॅन पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली खाली जावं लागतं. दुकानात ‘फक्त व्हॉइसवाला, लांब मुदतीचा’ असं स्पष्ट मागा.

शेवंती
खरंच? रविवारी जाते तेव्हाच करते. देव बरें करूं तुमचें.

केपेकर
वरचा सगळा धागा एका दमात वाचला, बसमध्ये आहे. घरच्या इंटरनेटचं कोणी लिहिलं नाही म्हणून. ‘अमर्याद, 100 एमबीपीएस, बसवणं मोफत’. अमर्याद म्हणजे महिन्याचा ठरावीक कोटा, तो संपला की वेग एवढा खाली की मुलाचा ऑनलाइन वर्ग थांबून थांबून चालायचा. मोफत बसवण्यासाठी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ, आणि राऊटरचं ₹1,500 डिपॉझिट ‘परत मिळेल’. मी जोडणी बंद केली, राऊटर नेऊन दिला, पावती घेतली. सात महिने डिपॉझिट नाही. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा.

मग बायकोने 1915 लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. पावतीचा फोटो पाठवला. तीन आठवड्यांत पैसे खात्यात. सात महिन्यांत जे झालं नाही ते. पावती नसती तर काय झालं असतं देव जाणे
उतरायचं आलं, बाकी नंतर

खोबरेल
1915 ने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दक्षिण गोव्याचा मडगावला. 2019 च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. दोन वर्षांच्या आत करायला हवी. वकील लागतोच असं नाही, माझ्या मावसभावाने फ्रिजच्या प्रकरणात स्वतःच उभं राहून जिंकलं.

@तांबडी माती, तुम्ही भाषेचं लिहिलंत ते मनात राहिलं म्हणून शोधून सांगते. जून 2022 मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात लिहिलंय की दावा ज्या भाषेत केला त्याच भाषेत खालची तळटीप हवी, आणि अक्षरही तेच हवं. मराठीत मोठ्याने सांगायचं आणि इंग्रजीत बारीक अटी घालायच्या, हे आता नियमात बसत नाही. फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. आजच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि 1915 च्या पोर्टलवर टाका. मी पण टाकते, आमच्याकडे तोच पेपर येतो.

तांबडी माती
टाकला. आत्ताच. तक्रार क्रमांक आला.

म्हणजे बाबांच्या वेळी जे मला नुसतं वाटत होतं, ते आता कागदावर आहे. आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग फाईल मागून घेतली आणि ते शेवटचं पान उघडून बसली. म्हणाली, खोडरबर आण. मी आणला, पण मग तिनेच नको म्हटलं, त्यांचं अक्षर आहे. खाली पेनने तिने स्वतः लिहिलं : ‘तुमची नव्हती.’

आबोली
🙏

कुळागर
काकींना नमस्कार सांगा. आणि दोर नवेच घ्या या वर्षी, आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, कुंबयो आहेत, शनिवारी फोंड्याला येतो तेव्हा आणून देतो.

तांबडी माती
आणा हो. कांगला मात्र मिळाली तर आमच्यासाठीही एक घोस.