मदत हवी आहे: स्टॉकहोममध्ये ज्येष्ठ नागरिकांसह उन्हाळ्यातला एक दिवस

नमस्कार. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन आम्ही स्टॉकहोमला जात आहोत. शहर पाहण्यासाठी पूर्ण असा एकच दिवस हाती असल्याने, तेथे राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात जाऊन आलेल्या मंडळींनी दिवसाचा क्रम लावायला मदत करावी, ही विनंती.

वडील बहात्तर वर्षांचे असून उत्तम चालतात. आईचे मात्र गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती अर्धा तास सावकाश चालते. जिन्याला कठडा असेल तर प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढते, पण उतरताना तिला फार त्रास होतो.

वडिलांची सगळी नोकरी मुंबईत माझगावच्या गोदीत, जहाजबांधणीत झाली. त्यामुळे यूरगोर्डन बेटावरच्या संग्रहालयात ठेवलेले ‘वासा’ हे जहाज वगळण्याचा प्रश्नच येत नाही. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर गेल्यावर ते वाऱ्याने कलले आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरून बुडाले. १९६१ मध्ये ते वर काढले गेले, तेव्हा त्याचे लाकूड बरेचसे शाबूत होते, कारण बाल्टिकच्या कमी खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा तग धरत नाही. वरच्या मजल्यांचा भार जास्त आणि तो तोलायला तळाशी पुरेसे वजन नाही, हा दोष समजावून सांगण्यासाठी वडिलांनी जहाजाचा आडवा छेद वहीत पेन्सिलीने काढून ठेवला आहे. असा माणूस तिथून दीड तासात बाहेर पडेल असे मला वाटत नाही. तेवढा वेळ आईला बसता येईल अशी बाकडी जहाजासमोर आहेत का?

संग्रहालय उघडताच आत जायचे, म्हणजे गर्दी वाढण्याआधी निवांत पाहता येईल, असा माझा विचार आहे. नंतर यूरगोर्डन बेटावरून फेरीबोटीने गामला स्तान या जुन्या शहराला लागून असलेल्या स्लुसेनला यायचे. पाण्यावरून शहर दिसावे आणि आईची पायपीटही वाचावी, हा त्यामागचा हेतू. या बोटीत चढताना फळी किती उताराची असते, हे कोणी सांगू शकेल का? ट्राम घेणे अधिक सोयीचे असेल, तर तसेही करू.

खरी काळजी गामला स्तानची आहे. तेथील गल्ल्या दगडगोट्यांच्या असून पाण्याकडे उतरत जातात. स्तोर्तोर्येत चौकापर्यंत कमीत कमी चढ लागेल असा रस्ता कोणता? राजवाड्यासमोरचा पहारेबदल बराच वेळ उभे राहून पाहावा लागत असेल, तर तो सोडायची माझी तयारी आहे.

दुपारी सिटी हॉल पाहायचा आहे. १९२३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या ज्या ब्लू हॉलमध्ये १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी होते, तो आईला पाहायचाच आहे. १०६ मीटर उंच मनोरा अर्थातच सोडून देऊ. आतले दालन मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते असे वाचले. त्या फेरीत जिने किती लागतात, आणि तिकीट त्याच दिवशी मिळते का?

स्कान्सेन टेकडीवर असल्यामुळे मी यादीतून काढले आहे. १८९१ पासूनचे ते खुले संग्रहालय आहे हे ठाऊक असूनही, एका दिवसात त्याला न्याय देता येणार नाही असे माझे मत झाले आहे. तरीही ते अजिबात चुकवू नये असे कोणाला वाटत असेल, तर त्याऐवजी काय सोडावे तेही कृपया सांगावे.

रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो. त्यामुळे जेवणानंतर पाण्याकाठी कुठे बसता येईल, जिथे बस किंवा मेट्रो अगदी जवळ असेल? दोघेही शुद्ध शाकाहारी आहेत आणि सातच्या आत जेवतात, त्यामुळे गामला स्तान किंवा स्लुसेनजवळचे एखादे साधे ठिकाण सुचवले, तर फार उपकार होतील.