‘हॅव’ला मराठीत काय म्हणायचं? सगळीकडे ‘माझ्याकडे’ तर नक्कीच नाही

कानामात्रा
इंग्रजीतून मराठीत आलेली एक आरोग्यविषयक प्रश्नावली तपासायला आली होती. भाषांतर यंत्राने केलेलं, मी फक्त नजर फिरवायची. पहिलाच प्रश्न: ‘तुमच्याकडे ताप आहे का?’ जणू कुणी उसना मागायला आलंय. पुढे ‘तुमच्याकडे मधुमेह आहे का?’ आणि ‘तुमच्याकडे किती भावंडं आहेत?’

इंग्रजीचं एका ‘हॅव’वर भागतं. आपलं भागत नाही. मला ताप आहे. माझ्याकडे छत्री आहे. तिच्या अंगी धीर आहे. खोलीला दोन खिडक्या आहेत. तो शस्त्र बाळगतो. दुखणं, नातं आणि अवयव यांना ‘ला’, दुसऱ्याच्या हातात देता येईल त्या वस्तूला ‘कडे’, गुणाला ‘अंगी’. हे कुणी शिकवत नाही, पण चुकलं की कानाला लगेच कळतं. ‘माझ्याकडे’ सगळीकडे घुसवणं ही शैली नव्हे, चूक आहे असं माझं मत. बोला.

अर्धविराम
चूक वगैरे जरा जास्त होतंय. जुन्या लॅटिनमध्येही ‘मिही एस्त’ म्हणजे ‘मला आहे’ अशीच रचना होती. शेजारी ‘हाबेओ’, म्हणजे ‘मी बाळगतो’, होतं, ते पसरत गेलं आणि फ्रेंच, इटालियनमध्ये तेच उरलं. स्पॅनिशमध्ये तर पुढे त्यालाही बाजूला सारून ‘धरणे’ अर्थाच्या क्रियापदाने ती जागा घेतली. तेव्हाच्या शुद्धलेखनवाल्यांनीही नाक मुरडलंच असेल. उद्या ‘माझ्याकडे’ पसरलं तर आकाश कोसळणार नाही. शिवाय इंग्रजी ‘हॅव’ त्या ‘हाबेओ’वरूनच आलाय, म्हणजे शब्द कसे प्रवास करतात बघा.

चकवा
शेवटचं वाक्य मागे घ्या. दिसायला जुळे, पण रक्ताचं नातं नाही. लॅटिनमध्ये जिथे ‘क’, तिथे इंग्रजी-जर्मनसारख्या जर्मानिक भाषांत ‘ह’ येतो, त्यामुळे ‘हॅव’चा खरा भाऊ लॅटिन ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. ‘हाबेओ’चं मूळ वेगळं.

अर्धविराम
घेतलं मागे. मुद्दा मात्र तसाच आहे.

मौनी
तुम्ही दोघंही व्याकरणात अडकलात. ‘आय हॅव’मध्ये मी कर्ता आणि वस्तू माझ्या मुठीत. ‘मला आहे’मध्ये वस्तू नुसती आहे, मी बाजूला उभा. मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम यांनी १९७६ च्या पुस्तकात हेच मांडलंय: अनेक भाषांत ‘हॅव’ नाही, आणि तो शब्द खाजगी मालमत्तेबरोबर वाढला असावा. आपली भाषा मालकी मिरवत नाही, ही आपली श्रीमंती आहे.

चकवा
ऐकायला गोड, पण टिकत नाही. रशियनमध्येही रोजच्या बोलण्यात ‘माझ्यापाशी आहे’ असंच म्हणतात. तिथल्या जमीनदारांच्या मालकीची १८६१ पर्यंत माणसं होती, भूदास. ‘पाशी’ म्हणून ती मोकळी झाली नाहीत. संस्कृतात ‘मम अस्ति’, आणि त्याच संस्कृतात विज्ञानेश्वराने मिताक्षरा या धर्मशास्त्राच्या ग्रंथात स्वत्व, म्हणजे मालकी, जन्माने मिळतं की वाटणीने, यावर कीस काढलाय. मालकी मिरवायला क्रियापद लागत नाही, कागद लागतो.

आणि ही ‘आपली’ श्रीमंतीही नव्हे. भाषाशास्त्रज्ञ लेऑन स्टासेन यांनी २४० भाषा तपासल्या, त्यांत ‘हॅव’च्या वळणाचं क्रियापद ६३ भाषांत निघालं. फिनिश, हंगेरियन, तुर्की, अरबी सगळ्या आपल्या बाजूला. स्वाहिलीत तर ‘मी पुस्तकासह आहे’ म्हणतात. त्या नमुन्यात वेगळं वागणारी इंग्रजी आहे, आपण नाही.

मौनी
मालमत्तेचा मुद्दा सोडतो. पण फ्रेंच माणूस भूक आणि वय दोन्ही ‘जवळ बाळगतो’, इंग्रज स्वतःच भुकेला आणि वीस वर्षांचा ‘असतो’, आणि आपल्याला भूक लागते नि विसावं लागतं. काहीच फरक नाही म्हणता?

चकवा
वाक्यात फरक आहे. पोटात नाही.

अर्धविराम
मूळ प्रश्नाकडे येऊ. कानामात्रा, तुमचा नियम इथे लावून दाखवा: ‘मला कल्पना आहे’ म्हणजे मला ठाऊक आहे. मग डोक्यात नवीन काही आलं तर काय म्हणू? ‘माझ्याकडे एक कल्पना आहे’ हेच म्हणावं लागतं, कारण ‘मला’ची जागा आधीच भरलीय. इथे ‘कडे’ने भाषेत भर घातली, घाण नाही.

कानामात्रा
‘मला एक कल्पना सुचलीय.’ तयार क्रियापद हाताशी आहे.

अर्धविराम
सुचली तो क्षण झाला. महिनाभर वहीत पडून आहे, तिला काय म्हणू?

कानामात्रा
हं. ही एक तुमची. पण ताप वहीत पडून नसतो.

रफार
भाषांतर हेच माझं पोटाचं काम, म्हणून एक जोड देते. एका विभक्त जोडप्याच्या कागदपत्रांत बाईंबद्दल इंग्रजी वाक्य होतं, त्यांना दोन मुलं आहेत एवढाच अर्थ. आधीच्या मसुद्यात ‘त्यांच्याकडे दोन मुलं आहेत’ असं लिहिलेलं. मराठीत याचा अर्थ मुलांचा ताबा बाईंकडे आहे, आणि नेमका तोच तर वाद होता! ‘त्यांना दोन मुलं आहेत’ म्हटलं की ती राहोत कुठेही. अर्धविराम, भाषा बदलते हे मान्य. पण हा फरक पुसला गेला तर तो मांडायला पुढे चार शब्द जास्त खर्चावे लागतील.

अर्धविराम
हे उदाहरण जड आहे. नात्यांपुरतं ‘कडे’ मागे घेतो. ‘माझ्याकडे एक प्रश्न आहे’ मात्र सोडणार नाही, सगळे तसंच बोलतात.

मौनी
सगळे नाही. मी ‘मला एक विचारायचंय’ म्हणतो.

कानामात्रा
रफारताई, तुमच्यासाठी त्याच प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न राखून ठेवला होता. इंग्रजीत सहज ‘डू यू हॅव एनीवन?’ यंत्राचं उत्तर: ‘तुमच्याकडे कोणी आहे का?’ म्हणजे घरी पाहुणे आलेत का. ‘तुम्हाला कोणी आहे का?’ म्हटलं तर नातेवाइकांची चौकशी. ‘तुमच्याबरोबर कोणी आहे का?’ म्हणजे बाहेर बाकावर कुणी बसलंय का; हे बघा, स्वाहिली घरात आली. आणि ‘तुमचं कोणी आहे का?’ हे तर आजारी माणसाला विचारायची माझी छाती होईना.

रफार
मग काय लिहिलंत?

कानामात्रा
‘गरज पडल्यास कोणाला कळवायचं?’ आणि पुढे नाव लिहायला रेघ.