पणजोबांची १९१८ची मृत्यूनोंद: वाईला नेमकं काय मागायचं?

मंदार:
नमस्कार मंडळी, भाऊ सोमवारी वाईच्या तहसीलला जातोय, म्हणून घाईत विचारतोय. वंशावळ लावतोय. पणजोबा इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले, शके १८४०, आश्विन वद्य पंचमी. श्राद्धामुळे तिथी पक्की आहे, तारीख मात्र कुणालाच ठाऊक नाही. अर्जात काय लिहू? आणि मृत्यूचा दाखलाच मागायचा ना?

विजूकाका:
मंदार, १९१८चा दसरा १५ ऑक्टोबरला होता. साईबाबांनी त्याच दिवशी देह ठेवला, त्यामुळे कुणालाही पडताळता येईल. तिथून मोजलं की वद्य पंचमी २४ ऑक्टोबरच्या आसपास येते. तरी अर्जात एकच तारीख घालू नकोस, ‘ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८’ लिही. साथीत नोंदी मागाहून चढवल्या असतील, तर नेमक्या तारखेला नाव सापडायचं नाही.
दाखला मागू नकोस. ‘गाव नमुना १४ची नक्कल’ माग. गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक कोतवालबुक म्हणतात तेच हे.

श्रीकांत:
काका, नकलेवर भागत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्याचं कलम १३(३) आहे. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यायचा आणि रीतसर दाखला काढायचा. आम्ही चुलत्यांच्या वेळी तेच केलं.

विजूकाका:
श्रीकांत, ते कलम नोंद झालीच नसेल तेव्हाचं. तुझ्या चुलत्यांची नोंद नव्हती. इथे रजिस्टर उघडायच्या आधीच नोंद नाही असं कसं धरायचं? शिवाय मंदारला वंशावळ लावायची आहे, त्याला नक्कल पुरते.

सुलभाताई:
नक्कल मोडीत असणार. फोटो थेट व्हॉट्सअॅपवर टाकू नका, गेल्या गणपतीत एकाच नावाची किती वाचनं झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. मोडीचं काम आमच्या गटाकडे आहे, आमच्याकडेच पाठवा. आणि अख्खं पान पाठवा, कडांसकट. एकच ओळ कापून आली तर लिहिणाऱ्याचं वळण ताडायला दुसरं अक्षर उरत नाही.
आडनाव शोधत बसू नका, ‘गणू वल्द रामा’, म्हणजे रामाचा मुलगा गणू, अशीच नावं असतात. कारणाच्या रकान्यात इन्फ्लुएन्झाही शोधू नका, ‘ताप’ असतं. आमच्या सासरच्या गावचं त्या महिन्याचं पान मी वाचलंय. वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. एका बापाची दोन लेकरं लागोपाठच्या ओळींत होती. मला पुढे वाचवेना.

अनघा:
ताई, तुमच्या गटाला त्रास कशाला? शिंदे समितीच्या कामात २०२३ पासून जुनी रेकॉर्ड्स स्कॅन झालीत, जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आहेत. मंदारने घरबसल्या बघावं.

सुलभाताई:
अनघा, त्रास नाही, आम्ही हौसेने करतो. आणि ती शोधमोहीम कुणबी नोंदींची होती. तिथे नाव दिसलं नाही म्हणून मूळ रजिस्टरात नसेल असं होत नाही. सापडली तरी मोडी वाचावी लागेलच.

मंदार:
सगळ्यांचे आभार. आत्ताच आत्याशी बोललो. ती म्हणते, पणजोबा शेवटी पुण्याला बहिणीकडे होते, गावी आणलंच नाही. मग भावाला थांबवू का?

श्रीकांत:
म्हणूनच म्हणत होतो, आदेशच घ्यावा लागणार.

विजूकाका:
श्रीकांत, थांब जरा. मंदार, मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते, त्यामुळे वाईच्या नमुना १४मध्ये पणजोबा असायचे नाहीत. त्यासाठी पुणे महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जुनी रजिस्टरं विचारा. पण भावाला जाऊ दे. जमीन गावात आहे ना? मग वारस लागल्याचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या नावातल्या बदलाची नोंद, तिथेच असणार. गाव नमुना ६, फेरफार नोंदवही. त्यात ‘मयत’ लिहून खाली वारसांची नावं असतात, मृत्यूची तारीखही असू शकते. १९१८वर थांबू नका, पुढची काही वर्षंही चाळा, वारस लागायला वेळ जायचा. जुने गट-सर्व्हे नंबर घरातल्या कागदांवरून उतरवून त्याच्याजवळ द्या, नुसत्या नावावर फेरफार शोधणं अवघड जातं.

सुलभाताई:
आणि त्या पानाचाही पूर्ण फोटो, मंदार. कडांसकट.