टेलिंगमधून (टाकाऊ गाळातून) मॅलाकाइट (तांब्याचं हिरवं खनिज) निसटतंय, नॅशचा डोस वाढवू का?

कॉपरबेल्टकर:
नमस्कार मंडळी. मूळचा सांगलीचा, सध्या झांबियात किटवेजवळच्या एका खाणीच्या कॉन्सन्ट्रेटरवर (दळलेल्या मालातलं तांबं फेसावर तरंगवून वेगळं करतात तो कारखाना) मेटलर्जिस्ट आहे. आमचा माल मिश्र. चाल्कोपायराइट, बोर्नाइट, चाल्कोसाइट ही सल्फाइडं, आणि वरच्या बेंचवरून (खाणीच्या पायरीवरून) आला की भरपूर मॅलाकाइट. फीडमध्ये एकूण तांबं २.१ टक्के, त्यातलं ॲसिड-सोल्युबल (ॲसिडमध्ये विरघळणारं, ज्याला आम्ही ऑक्साइड म्हणतो) ०.८. सल्फाइडची रिकव्हरी बरी आहे, पण ऑक्साइडची काही केल्या ४० टक्क्यांपुढे सरकत नाही.

मॅलाकाइटवर सल्फाइडचा थर चढवायला सोडियम हायड्रोसल्फाइड, म्हणजे आमचं नॅश, रफरच्या (तरंगवण्याच्या पहिल्या टाक्या, म्हणजे सेल) आधीच्या कंडिशनरमध्ये (रसायन घुसळायची टाकी) एकदाच सोडतो. मागोमाग झँथेट, म्हणजे खनिजाला बुडबुड्यावर चिकटवणारा कलेक्टर. रिकव्हरी पडली की शिफ्टवाले नॅशचा व्हॉल्व्ह आणखी उघडतात. मग पहिल्या दोन सेलमधला फ्रॉथ (फेस) बसतो, बुडबुडे मोठे नि रिकामे, काठावरून नुसतं पाणी. वरून आदेश असा की डोस वाढवा, कारण पुरवठादाराचा माणूस तसं सांगून गेलाय. काय करू?

मिलवाले काका:
व्हॉल्व्हला हात लावू नका. फ्रॉथ बसतोय म्हणजे नॅश आधीच जास्त झालंय. मोकळा सल्फाइड आयन पाण्यात उरला की तो झँथेटला पृष्ठभागावर बसूच देत नाही. मॅलाकाइट तर जातंच, वर चाल्कोपायराइटही दबतं. पुरवठादार डोस कमी करा असं कधी सांगेल का हो?

मी असतो तर क्रम उलटा केला असता. आधी नॅशशिवाय सल्फाइड तरंगवून घ्या. त्या रफरची टेल वेगळ्या कंडिशनरला न्या, तिथे नॅश, मग ऑक्साइडचे सेल. नॅशही एका जागी ओतायचं नाही, दोन-तीन टप्प्यांत द्यायचं. पाण्यातला मोकळा सल्फाइड दाखवणारा सल्फाइड इलेक्ट्रोड लावा आणि उणे ५०० मिलिव्होल्टच्या आसपास धरून ठेवा. तुमच्या मालाला नेमका आकडा कोणता, ते लॅबच्या सेलमध्ये ठरवा. आणि कंडिशनिंग लांबवू नका. मॅलाकाइटवर बसलेला सल्फाइडचा थर भुसभुशीत असतो, जास्त घुसळलात की सुटून येतो.

गोंदियाकर:
मी मध्य प्रदेशात मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीवर होतो. तिथे क्वार्ट्झमधलं चाल्कोपायराइट, त्यामानाने सरळ काम. तरी एक विचारतो, टेलिंगचं साइझवार ॲसे (कणांच्या आकारानुसार तांब्याची तपासणी) केलंय का? १५० मायक्रॉनच्या वरच्या जाळीत तांबं अडकत असेल तर दोष ग्राइंडिंगचा. १० मायक्रॉनच्या खाली जात असेल तर स्लाइम, म्हणजे अतिबारीक गाळ. मॅलाकाइट ठिसूळ, बॉल मिलमध्ये त्याचा भुगा आधी होतो.

कॉपरबेल्टकर:
गोंदियाकर, केलंय. निम्म्याहून जास्त तोटा बारीक भागातच आहे. पावसाळ्यात मातीही येते. पण काका, ऑक्साइडचे वेगळे सेल मागितले तर पैसे नाहीत म्हणतील.

मिलवाले काका:
नवे सेल कशाला? स्कॅव्हेंजरची (रफरनंतर उरलंसुरलं गोळा करणाऱ्या सेलची) बँक आहे ना, तिच्या तोंडाशी नॅश देऊन बघा. त्याने चित्र कळेल, मग पैसे मागायला तोंड राहील. स्लाइमसाठी सोडियम सिलिकेट देऊन बघा, पण जपून, जास्त झालं की तेही दाबतं.

आता खरी गोष्ट. तुमचं ते ०.८ सगळं मॅलाकाइट आहे हे कुणी सांगितलं? ॲसिडच्या चाचणीत क्रायसोकोलाचं (तांब्याचं सिलिकेट खनिज) तांबंही विरघळतं, आणि क्रायसोकोला नॅशला दाद देत नाही. तुमच्या पट्ट्यात तर अभ्रकात शिरलेलं तांबंही सापडतं, ते कुठल्याच कलेक्टरने येत नाही. तुमच्याच पट्ट्यात चिंगोलाला सत्तरच्या दशकापासून टेलिंग ॲसिडमध्ये विरघळवून तांबं काढतात, ते काय हौसेनं? म्हणून आधी टेलिंगचे नमुने मिनरॉलॉजीला पाठवा. ०.८ मधलं ०.३ क्रायसोकोला निघालं, तर तुमची ऑक्साइडची कमाल रिकव्हरी साठीच्या घरात. मग ८०चं टार्गेट लावून शिफ्टवाल्यांना झापण्यात अर्थ नाही.

कॉपरबेल्टकर:
हे डोक्यातच आलं नव्हतं. हिरवं दिसलं की सगळे मॅलाकाइटच म्हणतात इथे. निळसर हिरवे, काचेसारखे तुकडे बेल्टवर दिसतात खरे.

मिलवाले काका:
तेच ते. सुरीने ओरखडून सौम्य ॲसिडचा थेंब टाका. फसफसलं तर मॅलाकाइट, नाही तर बहुतेक क्रायसोकोला. खाली डोलोमाइट असेल तर तोही थोडा फसफसेल, तेव्हा हिरव्यावरच नेमका टाका.

आणि पीएच चढा ठेवणाऱ्या चुन्याच्या लाइनवर लक्ष असू द्या. कंडिशनरचा पीएच ९च्या खाली गेला की नॅशमधून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटायला लागतो. वास येईल तेव्हा बघू असं पोरांना म्हणू देऊ नका, जास्त वायूत नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. प्रत्येकाच्या खिशाला गॅस डिटेक्टर हवा, आणि कंडिशनरवर एकट्याने चढायचं नाही.

कॉपरबेल्टकर:
डिटेक्टर आहेत, पण शिफ्ट ऑफिसच्या कपाटात. उद्या सकाळी ते बाहेर काढतो, नमुने परवाच्या गाडीने जातील.