गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लागतो, इंजिन खोलायलाच हवं का?

जुन्नरचा पिकअपवाला

नमस्कार मंडळी. गाडी पिकअप, २०१७ची, बीएस-४, अडीच लिटर टर्बो डिझेल. १ लाख ८६ हजार किलोमीटर झालेत. नारायणगाव मार्केटमधून टोमॅटो भरतो आणि माळशेजमार्गे कल्याण, नाहीतर वाशी. फेरीला ६० क्रेट, म्हणजे १२०० किलो माल.

गेल्या मंगळवारी पहाटे घाट उतरून मुरबाडच्या चौकात आलो, गाडी न्यूट्रलला घेतली आणि डॅशबोर्डवरचं किटलीचं लाल चिन्ह मिणमिणायला लागलं. थोडी रेस दिली की विझतं, पाय काढला की परत. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी पट्टी काढून बघितली, ऑइल वरच्या खुणेच्या जरासं खाली, म्हणजे बरोबर. ऑइल १५डब्ल्यू-४०, टाकून ४ हजार किलोमीटर झालेत. इंजिनचा आवाज नेहमीसारखा, ठोक नाही, धूर नाही.

गॅरेजला दाखवली. मिस्त्रींनी दिवा बघितला आणि म्हणाले, खालचं काम आलं. क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) घासायचा, त्याची मेन आणि बिगएंड बेअरिंग नवीन, ऑइल पंप नवीन. ६५ हजार आणि आठ दिवस. हंगाम तोंडावर आहे, गाडीचे अजून ११ हप्ते बाकी आहेत. काम गरजेचं असेल तर करीन, पण नुसता दिवा बघून एवढं ठरतं का? कृपया जाणकारांनी सांगा. तोपर्यंत गाडी दारात उभी आहे.

सिन्नर एक्सप्रेस

दादा, माझ्या जुन्या गाडीला असंच होत होतं. २०डब्ल्यू-५०, म्हणजे आणखी जाड ऑइल टाकलं, दिवा गेला. दोन वर्षं चालवली. आधी हे करून बघा, स्वस्तातलं आहे.

जुना फिटर

पिकअपवाले, गाडी उभी केलीत हे फार चांगलं केलंत. अशीच उभी राहू द्या. मी ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपला इंजिन सेक्शनला काढली, त्यावरून सांगतो.

तो दिवा प्रेशर मोजत नाही. ब्लॉकवर किंवा फिल्टर हाउसिंगवर एक छोटा स्विच असतो, आत पडदा आणि स्प्रिंग. साधारण अर्धा किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) खाली प्रेशर गेलं की तो तार अर्थ करतो आणि दिवा लागतो. अर्धा किलोच्या वर एक किलो आहे की चार किलो, हे त्याला सांगता येत नाही. स्विचच खराब झाला असेल किंवा तार कुठे घासून बॉडीला लागली असेल, तरी दिवा लागतोच. म्हणून पहिलं काम एकच: स्विच काढा, त्या जागी मेकॅनिकल गेज लावा आणि काटा बघा. अर्ध्या तासाचं काम आहे. ते झाल्याशिवाय कुणालाही इंजिनचा एक बोल्ट खोलू देऊ नका.

गेज लावल्यावर नुसता आयडलचा, म्हणजे रेस न देतानाचा, आकडा घेऊ नका. थंड इंजिन, आयडल. मग गाडी अर्धा-पाऊण तास चालवून ऑइल खरंच गरम झाल्यावर आयडल, १५००, २५०० आणि ३००० आरपीएम. पाणी गरम झालं म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ते मागून गरम होतं. जुना ठोकताळा असा की दर हजार आरपीएमला ढोबळ ७०० ग्रॅम प्रेशर हवं. खरा आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरायचा.

काट्याची चाल नीट बघा, रोग तिथे कळतो. बेअरिंग झिजलं असेल तर आयडलला काटा खाली बसतो आणि रेस दिली की सरळ वर चढत जातो. पंप थकला असेल किंवा जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल, तर सगळीकडेच कमी दाखवतो. आणि चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतली) जाळी तुंबली असेल, तर रेस वाढवली की काटा थरथरतो, एका जागी अडतो, कधी उलटा खाली येतो, कारण पंपाला ओढायला ऑइलच मिळत नाही.

आता मला दोन गोष्टी सांगा. सकाळी पहिला सेल्फ मारल्यावर दिवा विझायला किती सेकंद लागतात? आणि वर्ष-सहा महिन्यांत चेंबर कधी खोललं होतं का?

सिन्नरवाले भाऊ, राग मानू नका. जाड ऑइलने काटा वर येतो, कारण प्रेशर म्हणजे ऑइलला वाटेत होणारा अडथळा. पण जाळी तुंबलेली असताना तेच जाड ऑइल जाळीतून आणखी कमी ओढलं जातं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. त्याला क्षणभर ऑइल कमी पडलं तर चालत नाही. दिवा गेला म्हणजे आजार गेला असं नाही.

स्पेअर पार्टवाली ताई, संगमनेर

काकांचं बरोबर आहे. दुकानात रोज बघते, दिवा लागला की लोक थेट बेअरिंगचा सेट मागायला येतात.

गेज घेताना आट्यांकडे लक्ष द्या. काही गाड्यांना १/८ इंचाचे निमुळते आटे येतात, काहींना एम१०चे सरळ. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखे. हाताने दोन-तीन फेरे सहज बसला तरच पाना लावायचा. स्विच बसतो ते फिल्टर हाउसिंग बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जबरदस्ती केली की आटे गेलेच. स्विच काढून दुकानात घेऊन जा आणि त्यावरून जुळवून घ्या.

आणखी एक, जुना ऑइल फिल्टर फेकू नका. तो कापून आतला कागद उलगडा. हॅक्सॉने कापू नका, ब्लेडचा कीस आत पडतो आणि उगाच घाबरायला होतं. छिन्नीने कडा उघडा. कागदावर तांबूस किंवा चंदेरी चमक असेल आणि चुंबकाला चिकटत नसेल तर ते बहुतेक बेअरिंगचं आहे. कागद नुसता काळा असेल तर मन शांत ठेवा.

जुन्नरचा पिकअपवाला

काका, ताई, मनापासून आभार. काल दिवसभर हेच केलं.

चेंबर खोललं होतं. फेब्रुवारीत पॅकिंगमधून ऑइल गळत होतं म्हणून हायवेच्या कडेला एका गॅरेजमध्ये बदलून घेतलं. त्यांनी लाल सिलिकॉन लावलं होतं, अजून बाहेर कडेला दिसतंय. याचा दिव्याशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. सकाळी दिवा विझायला आधी एक सेकंद लागायचा, आता मोजला तर सहा.

गेज लावला. थंड असताना आयडलला ३.१ किलो. मग ओतूरपर्यंत जाऊन आलो, रिकामी गाडी, पाय हलका ठेवून, गेजवर डोळा ठेवून. गरम आयडलला ०.६. १५००ला १.८. २५००ला २.१ आणि काटा थरथरत होता. ३०००ला नेलं तर वर जायच्या ऐवजी १.६वर आला. लगेच पाय काढला.

फिल्टर छिन्नीने उघडून कागद उन्हात पसरला. काळा आहे, चमक नाही. चुंबक फिरवला, काही आलं नाही.

जुना फिटर

मग क्रँकला हात लावू नका. रेस वाढल्यावर प्रेशर खाली येतंय आणि काटा थरथरतोय, ही जाळीच आहे. बेअरिंगचा खेळ असता तर ३०००ला काटा याहून वर असता.

सिलिकॉनचं असं असतं की बाहेर कडेला जेवढं दाबून आलेलं दिसतं, तेवढंच आतही गेलेलं असतं. गरम ऑइलमध्ये ते हळूहळू सुटतं आणि जाळीवर जाऊन बसतं. त्याला चार-पाच महिने लागतात, म्हणून कुणाला फेब्रुवारी आठवत नाही.

चेंबर उतरवा. जाळीचा पाइप काढा, पंपाकडच्या टोकाची ओ-रिंग (रबरी कडी) नवीन घाला. ती कडक झाली असेल तर पंप तिथून हवा ओढतो आणि परत हेच दुखणं. रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन काढून बघा, तो बोटाने ढकलल्यावर सहज सरकला पाहिजे. खाली आहातच तर एक बिगएंड कॅप उतरवून शेल (बेअरिंगची अर्धी वाटी) बघून घ्या. करडा एकसारखा रंग असेल तर तसाच परत बसवा, टॉर्क पान्यानेच. करडा थर जाऊन तांबं उघडं पडलं असेल तर मला कळवा, मग वेगळं बोलू.

बसवताना सिलिकॉनची रेघ दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जाड नाही. आणि दोन्ही कडा ब्रेक क्लीनरने कोरड्या ठणठणीत.

बीएस-६वाला, लातूर

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीला दिवा लागत नाही, पण पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसतं. चांगलं की वाईट?

जुना फिटर

वाईट. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल नाहीतर पाणी मिसळतंय. बीएस-६मध्ये डीपीएफची (सायलेन्सरकडच्या धुराच्या फिल्टरची) काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. गाडी सारखी जवळच्या जवळ फिरत असेल तर ती जाळणी अर्धवट राहते आणि डिझेल सिलिंडरच्या कडेने चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, मग प्रेशर पडतं. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर ऑइल आजच बदला आणि इंजेक्टर तपासून घ्या. दुधट दिसलं तर पाणी आहे, मग गाडी हलवूच नका.

जुन्नरचा पिकअपवाला

काम झालं. घरामागच्या शेडमध्ये, मेहुणा आणि मी, एका ओळखीच्या फिटरला बोलावून.

चेंबर उतरवलं आणि जाळी हातात घेतली. जाळीचा दोन तृतीयांश भाग बंद. लाल सिलिकॉनचे शेवयांसारखे तुकडे, काही नखाएवढे, एकमेकांत गुंतून जाळीवर चिकटलेले, आणि त्यांच्यावर काळा मेणचट थर. बोटाने ओढला तर रबरासारखा लांबत होता. मेहुणा म्हणाला, एवढ्याशा फटीतून इंजिन चार महिने श्वास घेत होतं. मी ते सगळं एका बरणीत ठेवलंय.

रिलीफ व्हॉल्व्ह मोकळा होता. तीन नंबरची बिगएंड कॅप उतरवली, शेल करडं, एकसारखं, तांबं कुठेही दिसलं नाही. जाळी नवीन घेतली, कारण जुनीच्या छिद्रांतून तुकडे पूर्ण निघेनात. ओ-रिंग नवीन. ऑइल तेच, १५डब्ल्यू-४०, फिल्टर भरून बसवला. इंजेक्शनचा फ्यूज काढून सेल्फ थोडा-थोडा मारला, गेज हलेपर्यंत, मग फ्यूज लावून सुरू केलं.

ओतूरचीच चक्कर परत मारली. गरम आयडलला १.३. २५००ला ३.६, काटा स्थिर. सकाळी सेल्फ मारल्यावर काटा एका सेकंदात वर येतो. सगळा खर्च ऑइल धरून ६ हजारांच्या आत बसला. आत राहिलेले तुकडे असतील म्हणून हे ऑइल आणि फिल्टर १००० किलोमीटरला परत बदलणार आहे.

काल ६० क्रेट घेऊन वाशीला जाऊन आलो. गेज अजून काढलेला नाही, नळी केबिनमध्ये आणून डॅशबोर्डला बांधलाय. घाट उतरून मुरबाडच्या चौकात न्यूट्रलला टाकली आणि मिनिटभर नुसता काट्याकडे बघत बसलो. १.३.

हजार किलोमीटर झाल्यावर गेज काढणार. माझ्याकडे १/८ आणि एम१० दोन्ही आट्यांचे जोड आहेत. मार्केटला सकाळी सहापासून असतो, नारायणगाव-आळेफाटा भागातल्या कुणाला लागला तर घेऊन जा आणि काम झालं की परत आणून द्या.