उत्तर: भुसावळचं ऊन आणि ओली काच

‘रेल्वे आल्यावर मुंबईच्या फोटोग्राफरला खानदेशात काम करणं मुंबईइतकंच सोपं झालं’ हे अर्धंच पटतं. पेट्या वाहायची सोय झाली, रसायनांची नाही. १८६०-७० च्या सुमारास फोटोचं काम ओल्या कलोडियनचं, म्हणजे ईथर-अल्कोहोलात विरघळवलेला गनकॉटन (आम्लात मुरवलेला कापूस) आणि आयोडाइड. हे द्रावण काचेवर ओतायचं आणि काच ओली असेतोवर फोटो काढून डेव्हलप करायचा. ईथर ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. आपल्याकडे वैशाखात पारा ४० च्या वर! द्रावण काचेच्या चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत घट्ट होतं नि लाटा पडतात. प्रकाश टिपता यावा म्हणून सिल्व्हर नायट्रेटच्या बाथमध्ये बुडवून काढलेली काच मुंबईच्या दमट हवेत दहाएक मिनिटं टिकते, इथल्या झळांत त्याहून बरीच कमी. कडा सुकल्या की डेव्हलप करताना डाग उमटलेच.

म्हणून ईथर कमी, अल्कोहोल जास्त. काच लवकर सुकू नये म्हणून पाठीमागे ओला टीपकागद. डेव्हलपरात (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) ॲसिटिक ॲसिड वाढवायचं, नाहीतर उष्णतेने तो इतका झपाट्याने चालतो की सगळी काच धुकटते. अजिंठ्याचे स्टिरिओ (खोली दिसणारे, जोडीचे) फोटो काढणारा मेजर रॉबर्ट गिल ह्याच हवेत राबला (फोटो १८६४ मध्ये पुस्तकात आले); त्याची कबरही भुसावळलाच आहे.